एकदा थट्टा म्हण

नको, पाणी नको. बस तू आधी. बस की गं पंचफुला — तू अशी दाराला टेकून उभी राहिलीस की मला बोलायचं सुचत नाही. तीन मजले चढून आलेय, त्या ऑटोवाल्यानं नल्लकुंट्याहून मलकपेठेला आणायला चार गल्ल्या उगीच फिरवलं, आणि तू एक शब्द बोलेनास. तुझे शंकरराव दिसत नाहीत. सुमेधा? — मेंदीला गेली असेल. असू दे, बरंच झालं. मला तुझ्याशीच बोलायचंय. राग आहे, हो ना? कळतं की मला. मी काय हौली आहे का, एवढं न कळायला? तीन आठवडे फोन उचलला नाहीस तू माझा. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी रोज सकाळी लावायची, रोज वाजून वाजून बंद.

हे बघ, सरळच सांगते. दोन मिनिटांचं काम आहे. उद्या अकरा वाजता रजिस्टर ऑफिसात तुझ्या पोरीचं आणि माझ्या पोराचं लग्न आहे, आणि त्या लग्नाला नवऱ्याच्या आईनं यायचं की नाही ते तू ठरवणार आहेस. मी नाही म्हणत असं, शिवा म्हणतो. काल मी त्याला फोन केला. घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदा उचलला त्यानं. मी म्हटलं, अरे राजा, थट्टा होती ती, किती ताणायचं? तर म्हणतो कसा — ‘आई, ती थट्टा होती असं तू म्हणू नकोस. ज्यांची केलीस त्यांनी म्हणायला पाहिजे. पंचफुलामावशी जर मला म्हणाल्या की ती थट्टा होती, तर उद्या ये. नाहीतर उद्याही येऊ नकोस आणि नंतरही नको.’ नंतरही नको! एकुलता एक पोरगा माझा, अशा शांत आवाजात बोलला, जसं काही बँकेतून कोणी बोलतंय. म्हणून आलेय. तू फक्त त्याला एवढंच म्हणायचं — शिवा, आईनं थट्टा केली होती, आमच्या मनात काही नाही. झालं. मग मी उठते, तू तुझ्या कामाला मोकळी.

असं बघू नकोस गं. मी काय एवढं मोठं केलं? फिशपाँड कशाला म्हणतात हे काय तुला सांगायला पाहिजे? संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या मंडळाचं स्नेहसंमेलन, पोरांचे नाच, तिळगूळ, आणि सगळ्यात शेवटी फिशपाँड. महिनाभर लोक खोक्यात चिठ्ठ्या टाकतात, नाव न घालता. मग एकेक चिठ्ठी स्टेजवरून वाचायची, ज्याची त्याला वर बोलवायचं, हातात काहीतरी वस्तू द्यायची, लोक हसतात. टकल्याला कंगवा देतात. घोरणाऱ्याला शिट्टी. मला गेल्या वर्षी काय दिलं होतं? चिकटपट्टी! जयवंताबाईंच्या तोंडाला लावायला. मी रुसले का? सगळ्यांच्या समोर लावून दाखवली तोंडाला. आमच्या ह्यांना एकदा लाटणं दिलं होतं, तर आमचे एकनाथराव ते खांद्यावर घेऊन हॉलभर फिरले, आठवतं? तू पण हसली होतीस. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होतीस.

आणि यंदा सुमेधाला झाडू दिला. झालं की नाही? नवा कोरा झाडू, बेगम बाजारातून आणलेला, वर लाल रिबीन. आणि चिठ्ठी काय होती — ‘लक्ष्मीच्या पावलांनी येणार म्हणे घरात, मागची पावलं पुसायला झाडू असू दे करात.’ आता यात सांग मला, वाईट काय आहे? झाडू म्हणजे लक्ष्मी. दिवाळीला आम्ही झाडूला हळदकुंकू वाहतो. पाय लागला तर पाया पडतो. तुम्ही नाही करत, माहीत आहे मला, पण आम्ही करतो हे तर तुला माहीत आहे ना? नवी सून येणार, तिच्या हाती लक्ष्मी दिली, असा अर्थ नाही का निघत? निघतो. मी ह्यांना तेच सांगितलं, मंडळातल्या माधवीला तेच सांगितलं. माधवीला तर पटलं पण. ती म्हणाली, जयवंताताई, जरा जपून, ते लोक केस-बिस करतात हं अशा गोष्टींवर — ते लोक असं ती म्हणाली, मी नाही म्हणाले. मी तिला म्हटलं, पंचफुला तसली नाही. आणि मी काही केसच्या भीतीनं आलेली नाही. कर केस, करायची असेल तर. पण माझा पोरगा मला पाहिजे.

आणि सुमेधा हसली ना! तिथंच तर तू चुकतेस. सगळा हॉल साक्षीला आहे. स्टेजवरून प्रमोदनं चिठ्ठी वाचली, ती उठली, पायऱ्या चढून वर गेली, तिनं दोन्ही हातांनी झाडू घेतला आणि हसली. फोटो आहे माझ्याकडं, दाखवू? — नको तर नको. हसली म्हणजे... दात दिसत होते. प्रमोदला थँक्यू पण म्हणाली. मग खाली येऊन तो झाडू खुर्चीखाली ठेवून बसली, दुसऱ्याच्या चिठ्ठीला टाळ्या वाजवल्या. ज्याला लागलंय तो असं करतो का? शिवाच उठला. भर हॉलमध्ये उठला, तिचा हात धरला आणि निघाला, आणि जाताना माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्याकडंच का बघितलं? प्रमोदनं वाचली होती, प्रमोदकडं बघायचं होतं. दीडशे माणसं होती तिथं, आणि ह्या पोट्ट्यानं बरोबर तिसऱ्या रांगेत बघितलं.

मी मराठी शिकवते गं. शिकवायला फार काही येतं अशातला भाग नाही, पण आपल्या विद्यानगरच्या हॉलमध्ये दर रविवारी सतरा वर्षं मी पोरांना मराठी शिकवलीय, शब्द मला कळतात. तुझी पोरगी माझ्याच हाताखाली लिहायला शिकली. बाकीच्या पोरांना इथं एकच शब्द ठाऊक — मजाक. काय रे, रडवलंस कशाला तिला? मजाक केली टीचर. शेजारच्या तेलुगू बायका एगताळी म्हणतात, तेवढा एक ऐकलाय मी. पण आपल्याकडं बघ किती आहेत. गंमत वेगळी, मस्करी वेगळी, चेष्टा वेगळी. टिंगल म्हटलं की तोंड वाकडं झालंच पाहिजे. टर उडवायला चारचौघं लागतात, एकट्यानं एकट्याची टर उडत नाही. खिल्ली मोठ्या माणसांची उडवतात. टवाळी हे रिकामटेकड्यांचं काम. मी फळ्यावर लिहायची सगळे शब्द आणि पोरं जांभया द्यायची. सुमेधा नाही द्यायची. दहा वर्षांची असेल, हात वर करून उभी राहिली — टीचर, थट्टा आणि टिंगल यात फरक काय? मी म्हटलं, सोपं आहे बेटा, थट्टेत ज्याची करतो तो पण हसतो, टिंगलीत बाकीचे हसतात. लगेच लिहून घेतलं तिनं वहीत. मग विचारते, आणि तो नुसतं दाखवायला हसला तर? पोरगी म्हणजे... मी म्हटलं, बस खाली, घंटा झाली. घंटा-बिंटा काही झाली नव्हती. आपल्या हॉलमध्ये घंटाच नाही.

तर सांगत काय होते, ती हसली, म्हणजे थट्टा. मीच शिकवलंय तिला.

आणि दुसरं, ही चिठ्ठी मी लिहिली असं गृहीतच का धरलंय सगळ्यांनी? नाव असतं का चिठ्ठीवर? खोक्यात पन्नास-साठ चिठ्ठ्या निघतात. मी आदल्या दिवशी त्या घरी नेते, बघते, घाणेरडं काही असेल तर फाडते, हे वीस वर्षांचं माझं काम आहे. आता बाकी सगळ्या चिठ्ठ्या कशा असतात माहीत आहे? इंग्रजी अक्षरांत मराठी. नाहीतर फोनवर टाइप करून छापून आणलेलं. ओळीला ओळ जुळत नाही, यमक नाही, काही नाही, नुसतं ‘अमक्याला डाएट प्लॅनची गरज आहे’. ह्याला काय फिशपाँड म्हणतात? आमच्या वेळी लोक दोन-दोन दिवस ओळ घोळवायचे. घरात-करात, बघ, बसलंय की नाही? कानाला गोड लागतं. ‘करात’ शब्द आजच्या पोरांना सुचेल का? हातात म्हणतील, आणि मग घरात-हातात, जुळतच नाही. मी आधी हातातच लिहिलं होतं, मग रात्रभर —

बरं. लिहिली. मी लिहिली. त्यात काय? तुला काय माहीत नव्हतं? तुला तर माहीत होतंच, म्हणून तर फोन उचलत नव्हतीस. मग आता अशी मान का खाली घातलीस? मी कबूल केलं ना. मोठ्या मनानं कबूल केलं. लिहिली, पण थट्टा म्हणून लिहिली. होणाऱ्या सुनेची सासूनं थट्टा करायची नाही तर कोणी करायची? आमच्यात लग्नात बायका विहिणीला काय काय म्हणतात गाण्यांतून, तू ऐकलंयस. विहीण रागावते का? तोंडाला पदर लावून हसते.

तुला मी कधी परकं केलं, सांग ना. एक प्रसंग सांग. तू सरकारी दवाखान्यात नर्स, मी एका मोठ्या मास्तरांची सून, पण मी कधी धरलं का ते मनात? आमच्या सासूबाई आठ महिने अंथरुणावर होत्या, तू ड्यूटी करून थेट आमच्याकडं यायचीस. त्यांच्या पाठीच्या जखमा तू धुतल्यास. मला बघवायचं नाही, मी बाहेर गॅलरीत उभी राहायची, आणि तू आत त्यांच्याशी बोलत बोलत सगळं करायचीस. शेवटी शेवटी त्या माझं नाव विसरल्या आणि तुझं घ्यायच्या. हे मी विसरले नाही. मी सगळ्यांना सांगते — आमची पंचफुला म्हणजे देवमाणूस. चहा प्यायल्याशिवाय मी तुला कधी जाऊ दिलं नाही. तुझा तो निळा कप होता — तुझा म्हणजे, तुला तो आवडायचा म्हणून. मोठा होता. वेगळा असा नव्हता. वेगळ्या फडताळात होता, पण ते सासूबाईंमुळं. त्या गेल्यावर मी काढणारच होते तो आत, राहून गेलं. चार वर्षं झाली, राहूनच गेलं. तू कधी बोलली पण नाहीस. बोलायचं होतंस ना. तू बोलत नाहीस, तिथंच सगळं बिघडतं.

आणि मी होकार दिला होता. दिवाळीनंतर शिवानं सांगितलं, मी दोन दिवस जेवले नाही — तब्येतीमुळं — आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. ह्यांच्या आधी मी म्हटलं. स्वतः पेढे घेऊन आले या घरी. ह्याच खुर्चीवर बसले होते. शिकलेली पोरगी, बँकेत ऑफिसर, दिसायला छान, वळण चांगलं, मराठी तर माझ्यापेक्षा स्वच्छ. मला काय आवडत नाही का ती? आवडते. देवाशप्पथ आवडते. लहान होती तेव्हा मी तिच्या डोक्याला तेल लावून वेण्या घातल्यात, संमेलनात नाचायची होती म्हणून.

मग झालं काय? सांगते काय झालं. डिसेंबरात भालकीला गेले मी, चुलतभावाच्या मुलीचं लग्न. आमचं सगळं माहेर तिकडंच, शेतीवाडी, भाऊबंद, पन्नास घरं. मला बघून हळदीच्या मांडवात बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मग एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं पदर तोंडावर घेतला. माझी मोठी भावजय, जिची मी आयुष्यभर मर्जी राखली, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली — ‘जयवंताबाई, आता तुमच्याकडं आलो तर डबा घरून आणायचा म्हणा की.’ आणि हसल्या गं. सगळ्या हसल्या. माझ्या हाताला हळद होती, तशीच राहिली. मी पण हसले. काय करणार? हसले. नवरीला हळद लावली, जेवले, पान खाल्लं, आणि रात्री चुलतभावाच्या गच्चीवर जाऊन बसले एकटीच. त्याला मराठीत शब्द आहे. हेटाळणी. मी सतरा वर्षं तो शब्द शिकवला आणि मला तो त्या दिवशी कळला. तुला काय कळणार ते — म्हणजे, तुला कळत असेल. तुलाच कळत असेल. पण मला सवय नव्हती. आम्हाला सवय नसते गं त्याची.

परत आले तर शिवा आणि सुमेधा घरी. ती स्वयंपाकघरात, माझ्या ओट्यापाशी उभी राहून ह्यांना चहा देतेय, आणि सगळे कप एकत्र मांडलेले. निळा पण. शिवा मला म्हणाला, आई, किती वर्षं झाली ह्या कपाला, आज काढलाय आम्ही बाहेर. हसत होता तो. ती पण हसली. माझ्याकडं बघून हसली. ती मला हसली का? नाही, तिच्या मनात तसं काही नसेल. पण मला भालकीच्या बायका दिसल्या. मला वाटलं, तिथं पण मीच आणि इथं पण मीच. दोन्हीकडून माझीच टर. मग मी पण ठरवलं की जरा... जरा जागा दाखवायची. एकदाच. नाव न घालता, हसत हसत, म्हणजे कोणाला बोलता येणार नाही. फिशपाँडला रागावणारा माणूस लहान ठरतो, आपल्या मंडळात सगळ्यांना माहीत आहे ते. ती रागावली असती तर ती लहान ठरली असती. ती रागावलीच नाही.

पण झाडूचं ते जे शिवा म्हणतो ना, ते मला खरंच माहीत नव्हतं. शप्पथ. तो फोनवर म्हणाला — तुला ठाऊक होतं, पूर्वी त्यांच्या लोकांना कमरेला मागून झाडू बांधून चालायला लावायचे, आपली पावलं आपणच पुसत जायची, दुसऱ्याला विटाळ नको म्हणून. मी म्हटलं, मला कुठून माहीत असणार बाबा? मी काय इतिहास शिकवते? मी मराठी शिकवते. आमच्या घरात कोणी बोललं नाही असलं कधी. माझ्या डोक्यात लक्ष्मीची पावलं होती, कुंकवाची, उंबऱ्यातून आत येणारी. मागची पावलं पुसायला म्हणजे आपलं असंच, यमकासाठी. तुला काय वाटतं, मी एवढी दुष्ट आहे? हे मी कुणाकडून ऐकणार होते? तुमच्या कार्यक्रमाला गेले असेन, चौदा एप्रिलच्या, पण ते तर तू बोलावतेस म्हणून. दरवर्षी येते. गेल्या वर्षी सुमेधाचं भाषण होतं म्हणून पहिल्या रांगेत बसवलंस तू मला. काय बोलली पोरगी! कागद नाही, काही नाही. पांढरी साडी नेसली होती. म्हणाली, माझ्या पणजीच्या पणजीच्या वाटेवर पावलं सापडणार नाहीत, कारण तिला ती पुसत जायला लावलं, म्हणून मी आज जिथं पाय ठेवते तिथं जोरात ठेवते. सगळा हॉल उभा राहिला. मी पण उभी राहिले, हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. तुला मिठी मारून म्हटलं होतं, ही माझी विद्यार्थिनी. ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नव्हतं गं, जिथं पाय ठेवते तिथं जोरात ठेवते. आणि चिठ्ठी लिहायला बसले तर सगळ्यात आधी तेच —

नाही. थांब. तसं नाही म्हणायचं मला.

पंचफुला, असं बघू नकोस. मला म्हणायचं होतं की सुचताना माणसाला कुठून काय सुचतं ते... मी ठरवून नाही... ठरवून केलं का मी? तो झाडू मी स्वतः घ्यायला गेले होते. दुकानदारानं दोन दाखवले, एक गवताचा, एक खराटा. मी म्हटलं, कमरेला — म्हणजे हातात धरायला हलका कुठला? हलका घेतला. रिबीन घरी बांधली. ह्यांनी विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, गंमत आहे. गंमत म्हटलं मी त्याला. कुचेष्टा. तो शब्द मी फळ्यावर कधी लिहायची नाही. लहान पोरांना कशाला, म्हणायची मी, मोठी झाली की कळेल.

बोल ना गं काहीतरी! शिव्या दे. वीस वर्षांत तू मला एकदाही उलट बोलली नाहीस, आज बोल. हात उगार. पण ही अशी बसू नकोस. बरं, ऐक. झालं ते झालं. माझं चुकलं, म्हणते मी, चुकलं. आता पुढचं बघ. लग्न आहे पोराचं. मी त्याची आई आहे. उद्या तिथं सही करताना त्यानं मागं बघितलं आणि मी नसले, तर त्याला पण आयुष्यभर लागेल, तुझ्या पोरीला पण लागेल. तिच्यासाठी म्हण. मी लावते फोन, माझ्याच फोनवरून लावते, स्पीकरवर ठेवते. तुला काही जास्त बोलायचं नाही. हे बघ, वाजतोय.

हॅलो, शिवा? मी बोलतेय रे, आई. मावशीकडं आलेय. हो, मलकपेठेला, त्यांच्याच घरी. मस्त बसलोय दोघी. हो तर. जुन्या गोष्टी निघाल्या, हसतोय केव्हाच्या. तू विचारलं होतंस ना, मग तेच, त्यांच्याच तोंडून ऐक म्हटलं. घे, देते. बोल गं पंचफुला. त्याला ऐकू येतं सगळं, बोल. — त्यानं हाक मारली तुला. मावशी म्हणतोय. — म्हण की. अगं विचारतोय तो, आई म्हणते ते खरं का. हो म्हण. हो पण पुरे. थट्टा म्हण. एकदा थट्टा म्हण, मी तुझ्या पाया पडते, एवढा एक शब्द. — शिवा, त्या जरा... त्यांचा घसा बसलाय रे, कालपासून... थांब हं, बोलतायत. — पंचफुला. — पंचफुला, तो वाट बघतोय.

...शिवा? हॅलो?

ठेवला त्यानं. काय म्हणाला शेवटी? ‘कळलं, मावशी’ म्हणाला ना? तुला म्हणाला. मला काही म्हणाला नाही. माझं नावच नाही घेतलं.

नको, उठू नकोस. मी जाते. जिना माहीत आहे मला.

उद्या तू कुठली साडी नेसणार आहेस गं? शिवाला तो पिकलेल्या लिंबाचा रंग आवडतो, लहानपणापासून, मला नेहमी म्हणायचा, आई तोच नेस... नाही, उगीच विचारलं. सांगू नकोस. दार लावून घे.